तूप गोठतं, रक्त गोठतं

साळ्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी पोरगा झाला, त्याचा नवस होता. महादेवाच्या देवळाशेजारच्या आमराईत रोडग्यांचं जेवण. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव तिथून सात-आठ किलोमीटर. पौष महिना, दुपारीसुद्धा अंगावर स्वेटर. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून निघत होते आणि दोन मोठ्या गंजांत वांग्याची भाजी रटरटत होती.

ज्यांनी रोडगा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर दळलेल्या कणकेचा गोळा, आत तेलाचे पदर. तो निखाऱ्यात कडक होईपर्यंत भाजायचा, राख झटकायची, हातानं फोडायचा आणि तुपात बुडवायचा. बुडवायचा म्हणजे बुडवायचाच. पंगतीत चमच्यानं तूप वाढणाऱ्याचं नाव आमच्याकडे पुढची दहा वर्षं निघतं. त्या दिवशी थंडीनं तूप पातेल्याच्या कडेला गोठत होतं, तर भाटव्यानं पातेलंच उचलून निखाऱ्यावर ठेवलं आणि पुन्हा फिरला. मी चार रोडगे खाल्ले. वय ५२, अंगानं सडसडीत. पोट सुटलं नाही म्हणून आपल्याला काही होत नाही, हा माझा जुना विश्वास.

पहाटे साडेचारला जाग आली ती छातीवर जिनिंगमधली कापसाची गाठ ठेवल्यासारखी. ती गाठ पावणेदोन क्विंटलची असते, मी त्या कामावर काही हंगाम काढले आहेत, म्हणून ही उपमा उगाच देत नाही. बायको म्हणाली, "रोडगे बाधले तुमाले. चार चार खाते का कोणी?" ओवा आणि काळं मीठ दिलं. मग सोडा दिला. ढेकरही आला, म्हणून आम्ही दोघंही खूश. एक तास असाच गेला. मग डावा जबडा दुखायला लागला आणि जानेवारीच्या थंडीत बनियान घामानं चिंब झालं, तेव्हा पोरीनं लाइट लावला. ती वर्ध्याला बी.फार्म. करते, सुट्टीला आली होती. माझं तोंड पाहून तिनं कोणाला काही विचारलं नाही, शेजारच्याची गाडी काढायला लावली.

सरकारी दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. ईसीजीची पट्टी निघता निघताच ती म्हणाली, "काका, हा गॅस नाही." ॲस्पिरिनची गोळी हातावर ठेवली, म्हणाली गिळू नका, चावून खा. चावली की लवकर रक्तात उतरते. मग शिरेतून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज त्याचं नाव. ते देण्याआधी तिनं भराभर प्रश्न विचारले: डोक्याला मार लागला होता का, लकवा झाला होता का, कुठं ऑपरेशन झालं का, पोटात अल्सर आहे का. तेव्हा मला राग आला, जीव चालला आणि ही चौकशी करते. नंतर कळलं, की ते औषध हृदयातली गुठळी शोधून तेवढीच विरघळवत नाही. अंगात कुठंही गुठळीनं भोक बुजवलेलं असेल तर तेही मोकळं करतं, मेंदूतलंसुद्धा.

अर्ध्या-पाऊण तासात छातीवरची गाठ कोणीतरी उचलून बाजूला ठेवली. शब्दशः तसं वाटलं. मग १०८ च्या गाडीतून जाम, बुटीबोरी करत नागपूर. मनगटातून तार घालून अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत, हृदयाच्या समोरून उतरते तिच्यात, बरंच अरुंद झालेलं एक ठिकाण होतं. तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवला. पैशाचं काम योजनेतून झालं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पोरगी खिडक्या-खिडक्यांवर फिरली. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथं सोडतो.

तिसऱ्या दिवशी राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, जे मला, बायकोला, भाटव्याला आणि भेटायला आलेल्या अख्ख्या गावाला विचारायचं होतं. "साहेब, हे कालपरवाच्या तुपानं झालं का? थंडी होती, तूप गोठत होतं. तसंच आत गोठलं का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तूप गोठतं आणि रक्त गोठतं, मराठीत क्रियापद एकच आहे, त्यामुळे सगळा घोटाळा होतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तूप गोठतं ते गारठ्यानं. गरम केलं की पुन्हा पातळ. अंगात कायम ३७ अंश सेल्सिअस, तिथं ते गोठणार कसं? शिवाय खाल्लेलं तूप रक्तातून तूप म्हणून वाहतही नाही, आतड्यात त्याचे तुकडे होतात, पुन्हा बांधणी होते आणि प्रथिनांच्या वेष्टणात बारीक थेंब होऊन ते फिरतं. रक्त गोठतं ते जखमेनं. प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या जखमेवर येऊन चिकटतात, एकमेकींना हाका मारतात, मग रक्तातलेच एक प्रथिन धागे होऊन त्यांच्यावर जाळं विणतं. फायब्रिन म्हणतात त्या धाग्यांना. ते गरम केल्यानं सुटत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे ठिबकच्या नळीत क्षार जमून ड्रीपर चोक होते, तसं नाही का?" ठिबकवाल्या शेतकऱ्याला दुसरी उपमा सुचत नाही. ते म्हणाले, अर्धं बरोबर. क्षार नळीच्या पोकळीत जमतो. इथं चरबी भिंतीत जमते, आतल्या अस्तराच्या खाली, वीस-तीस वर्षं. वरून पापुद्रा असतो. बहुतेक वेळा नळी अर्धीसुद्धा बंद झालेली नसते, म्हणून वावरात चालताना छाती दुखत नाही, माणूस म्हणतो मी ठणठणीत. मग एक दिवस तो पापुद्रा फाटतो. रक्ताला वाटतं, जखम झाली. ते आपलं काम करायला धावतं.

हे मला समजलं ते आमच्या नाल्यावरून. बांध फुटला की गाव धावतं आणि हाती येईल ते टाकतं: पोती, दगड, काट्या, पऱ्हाटीचे भारे. बांध बुजतो खरा. पण पात्र अरुंद असेल तर त्याच ढिगानं नाला तुंबतो आणि खालचं वावर कोरडं पडतं. माझ्या हृदयाचं खालचं वावर पहाटे साडेचारपासून कोरडं पडत होतं आणि मी ओवा चावत होतो.

"मग तुपाचा काही दोष नाही?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात जरा आशा होती.

त्यांनी बोटं मोजून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पक्की. तूप, साय, लोणी, खोबरं, पामतेल, बकऱ्याची चरबी यांत संपृक्त चरबी जास्त असते आणि ती रोज जास्त खाल्ली की रक्तातलं एलडीएल, वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात, संपृक्त चरबीनं ती कमी होतात. दार कमी, तर माल रस्त्यावर पडून राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतो. (ही दारं शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांना १९८५ चं नोबेल मिळालं, हे पोरीनं घरी आल्यावर सांगितलं. तिच्या परीक्षेत होतं म्हणे.) दुसरी गोष्ट त्यांनी जपून सांगितली. भरपूर स्निग्ध जेवणानंतर काही तास रक्तात चरबीचे थेंब दाटतात आणि गोठण्याच्या साखळीतला एक घटक, फॅक्टर सात, जास्त कामाला लागतो. पण तो तुपानंही लागतो आणि तेलानंही, त्यात तुपाला वेगळं काढता येत नाही. "म्हणून चार रोडग्यांनी झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "जखम जुनी होती. त्या दिवशीच्या जेवणानं हातभार लावला असेलही. पहाटेची वेळ, थंडी, हेही असतंच."

मग त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं. "खर्रा किती?"

खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटा. आठ-दहा पुड्या, मी म्हटलं. बायको म्हणाली पंधरा.

"मग तुपाआधी तो. आजपासून नाही, आत्तापासून."

भेटायला आलेल्या माणसांपैकी एकानंही मला खर्ऱ्याबद्दल विचारलं नव्हतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. सगळे तुपाबद्दल बोलत होते आणि त्यातले निम्मे बोलता बोलता वॉर्डाच्या दाराबाहेर जाऊन खर्रा घोटत होते. माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी असंच झालं होतं, तेही कोणाला आठवलं नाही. मलाही नाही.

घरी आलो तेव्हा कागदावर आकडे होते. एलडीएल १६८, चांगलं म्हणतात ते एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, २६०. डॉक्टरांना एलडीएल ५५ च्या आत हवं होतं. मला ते अशक्य वाटलं, जसं कोरडवाहूत एकरी वीस क्विंटल कापूस.

पोरीनं वही घेतली. दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या तर संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची ही मर्यादा धडधाकट माणसाला, तुम्हाला त्याहून कमी, असं तिनं बजावलं. पोहे खायचा मोठा चमचा भरून तूप म्हणजे आठ ग्रॅम संपृक्त चरबी. एका रोडग्याला दोन चमचे तरी तूप लागतंच. चार रोडगे म्हणजे ६४ ग्रॅम, एका बैठकीत तीन दिवसांचं. मी म्हटलं, ते वर्षातून एकदा. ती म्हणाली, "बरोबर. म्हणून आता रोजचं मोजू."

आणि तिथं मी सापडलो. आमच्या घरी म्हैस आहे. म्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात साडेचार ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी. मी दिवसाला सहा-सात वेळा चहा पितो, आमचा चहा म्हणजे निम्मं दूध. तेरा-चौदा ग्रॅम तिथंच. रात्री गरम दुधाचा पेला सायीसकट, तो वेगळा. रस्सा केला की भाजून वाटलेलं खोबरं, तेही संपृक्तच. रोडग्यांवर सगळ्या गावाचा डोळा होता, चहा कोणी मोजतच नव्हतं.

तेलाचं तर विचारूच नका. पाच माणसांत महिन्याला सहा लिटर. तर्री वर आली नाही तर भाजी झाली असं आमच्याकडे धरत नाहीत. आता साडेतीन लिटरवर आलो. तेल कोणतं, यावर आठवडाभर वाद झाला. पामतेलात जवळजवळ निम्मी संपृक्त चरबी, सरकीच्या तेलात पाव, फल्लीच्या म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या हिश्शाच्या आसपास, सोयाबीनच्या त्याहून कमी, करडई आणि जवसाच्या तेलात दहावा हिस्सा. वनस्पती तूप, ज्याला सगळे डालडाच म्हणतात, ते पोरीनं घरातून काढूनच टाकलं. त्यातली ट्रान्स चरबी तुपाहून वाईट, एलडीएल वाढवते आणि एचडीएल कमी करते. सरकारनं २०२२ पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण बसस्टँडवरच्या कढईत तेच तेल तिसऱ्या दिवशी उकळत असतं तिथं कोण मोजायला बसतं?

माझी माय ७८ वर्षांची. तिला मी म्हटलं, आबाजी तर तूप पेत होते, त्यांना काही झालं नाही. ती भडकली. "कोन पेत होतं तूप? बजारात इकत होतो आम्ही तूप. पोळ्याले, दिवाईले बोटभर भेटे. रोजच्याले जवसाचं तेल होतं न बापा!" म्हणजे ज्या आजोबांच्या नावावर आम्ही तूप खात होतो ते आजोबा तूप विकून मीठ-मिरची आणत होते, वखरामागे दिवसभर चालत होते आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी खात होते. आमच्या भागात तेव्हा जवस घरोघरी पेरायचे. सोयाबीन आलं आणि जवस गेला. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीची चरबी असते. ते तेल उघडं राहिलं की वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून रंगवाले वापरतात. मायेला ते ठाऊक होतं: "भांडं घासाले लय तरास होये." आता बांधाच्या कडेला दोन ओळी जवस पेरला. चटणी रोज दोन चमचे. डॉक्टर म्हणाले खा, पण गोळीच्या बदल्यात नाही.

पहिल्या दोन महिन्यांत माझी एक चूक झाली. तूप सोडलं, साय सोडली, पण भूक कुठं जाणार? एकाच्या जागी दोन वाट्या भात, चहाबरोबर बिस्किटं, पोळीवर गूळ. मार्चमधल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड २९० झालं, आधीपेक्षा जास्त. एलडीएल मात्र ७९, पण तो चमत्कार कोलेस्टेरॉलच्या गोळीचा. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "तूप गेलं ते ठीक. त्याच्या जागी काय आलं?" हा प्रश्न मला कोणी आधी विचारला असता तर बरं झालं असतं. तुपाच्या जागी फल्ली, जवस, डाळी, भाज्या आल्या तर फायदा. साखर आणि मैदा आला तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं. एलडीएल अजून खाली आणायला त्यांनी इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली आणि मी बिस्किटं बंद केली. बिस्किटं सोडणं खर्ऱ्याइतकंच जड गेलं, कोणाला खोटं वाटेल.

आता विळ्याची गोष्ट. तीच खरी सांगायची होती.

मार्चचा शेवट होता. डॉक्टरांनी मला चालण्याशिवाय काही करू नका म्हटलं होतं, पण ढोरांसाठी गवत कापायला कोणी नव्हतं. विळा सटकला आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागला. नखाच्या बाजूनं, एक पेर लांब, खोल नाही. आयुष्यात शंभर वेळा लागलं असेल. बोट तोंडात घालायचं, माती लावायची आणि पुढं कापत राहायचं. या वेळी बोट तोंडातून काढलं तरी थेंब, आणखी थेंब. धुऱ्यावर बसलो, दुपट्टा गुंडाळला. दुपट्टा लाल झाला. घरी येईपर्यंत मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला होता. बायकोनं हळद दाबली. हळद ओली होऊन वाहून गेली. पुन्हा दाबली. ओसरीच्या शहाबादी फरशीवर थेंब पडत होते आणि पडलेला थेंबही पडल्या जागी लवकर घट्ट होत नव्हता, कडेनं लकाकत राहायचा. एरवी दोन-चार मिनिटांत कडा काळ्या पडतात. मी घड्याळाकडे पाहत बसलो. पंचवीस मिनिटं झाली.

पोरीला फोन लावला. ती म्हणाली, बोट हृदयाच्या वर धरा आणि कापडानं गच्च दाबून ठेवा, मधून मधून उघडून पाहू नका. आम्ही तेच करत होतो, दर मिनिटाला उघडून पाहत होतो. मग शांतपणे समजावलं. दोन गोळ्या चालू आहेत, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दोन्ही प्लेटलेटच्या वेगवेगळ्या हाका बंद करतात. लोक म्हणतात रक्त पातळ करायची गोळी, पण रक्त पातळ होत नाही, तितकंच घट्ट असतं. प्लेटलेट एकमेकींचं ऐकत नाहीत इतकंच. आणि एकदा ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट पुन्हा सुधरत नाही, ती मरेपर्यंत तशीच, म्हणजे आठ-दहा दिवस. मी म्हटलं, मग दोन दिवस गोळ्या बंद ठेवतो, बोट भरू दे. फोनवर ती इतक्या जोरात ओरडली, की बायकोनं ऐकलं. स्टेंट नवीन आहे, धातूची जाळी रक्ताला अजून परकी वाटते, त्यावर अस्तर चढायचं आहे. गोळी सोडली तर पहिली गुठळी तिथंच.

तोपर्यंत माझ्या मनात गोठणं म्हणजे वैरी होता. त्या दुपारी ओसरीत बसून मी पहिल्यांदा रक्ताला म्हटलं, गोठ बाप्पा आता! चाळीस मिनिटांनी गोठलं.

जूनमध्ये मी दुसरी चूक केली आणि ही पहिलीपेक्षा मोठी. पेरणीच्या धामधुमीत कोलेस्टेरॉलच्या गोळ्या संपल्या. पिंडऱ्या दुखत होत्या, एका नातेवाइकानं सांगितलं की त्या गोळीनंच दुखतात, उष्ण असते. मला बियाण्याचे पैसे मोजायचे होते, मला ते पटलं. रक्ताच्या दोन गोळ्या सोडल्या नाहीत, ओसरीची फरशी आठवत होती. पण कोलेस्टेरॉलच्या दोन्ही सोडल्या. दीड-दोन महिने.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला हिंगणघाटला गेलो. आदल्या रात्री पुरणपोळी झाली होती, सकाळी उरलेल्या दोन खाऊनच निघालो. खरं सांगायचं तर तुपाच्या वाटीत बुडवून. सणाला एक दिवस चालतं, असं मी मलाच सांगितलं होतं. लॅबमधला पोरगा ओळखीचा. त्यानं दोन नळ्या भरल्या, एक जांभळ्या झाकणाची, एक लाल झाकणाची. जांभळ्या नळीत रक्त गोठत नाही, तिच्यात आधीच घातलेलं रसायन कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढं सरकत नाही. लाल नळीतलं मात्र गोठू द्यायचं असतं. थोड्या वेळानं मशिनमध्ये फिरवून त्यानं मला आत बोलावलं. "काकाजी, हे पाहा."

लाल नळीत खाली काळपट लाल गोळा बसला होता, शेपटीच्या चिंधीसारखा टोकाला ओढलेला. तो गोठलेला. त्याच्यावर जे पाणी असतं ते पिवळं, स्वच्छ असायला हवं. त्यानं शेजारची दुसऱ्या कोणाची नळी दाखवली, त्यात करडईच्या तेलासारखं नितळ होतं. माझ्या नळीत ताक होतं. पांढुरकं, गढूळ, पलीकडचं बोट दिसत नव्हतं.

"तूप खाऊन आले न?" तो म्हणाला. "हे चालत नाही. परवा उपाशी या."

मी ती नळी हातात घेऊन उजेडात धरली. वर काल-आजचं तूप, थेंब थेंब होऊन तरंगत असलेलं. खाली गोठलेलं रक्त. दोन्ही एका नळीत, एकावर एक, आणि एकमेकांत मिसळलेलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी सात महिन्यांपूर्वी जे सांगितलं ते मला त्या लॅबमध्ये दिसलं. पोरानं नळी परत मागितली तरी दोन मिनिटं मी दिली नाही.

परवा उपाशी गेलो. नळी बरीच नितळ होती. एलडीएल १४६. गोळी नव्हती, म्हणजे १६८ वरून १४६ हे केवळ खाण्याच्या बदलाचं. एका माणसाचा हिशोब आहे, त्यावरून कोणी आपला काढू नये. पण मला माझं कळलं: तूप, साय, खोबरं, चहा मिळून बावीस. बाकीचं गोळीचं काम. नागपूरला डॉक्टरांनी पिंडऱ्यांसाठी रक्ताची वेगळी तपासणी केली, स्नायूंना इजा नव्हती. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बदलून दिली, दुखणं गेलं. पेरणीत वाकून पिंडऱ्या दुखणारच, हे मला तरी कळायला हवं होतं. या जातीचं पहिलं औषध बुरशीतून निघालं, १९७० च्या दशकात अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं शोधलं, हे वाचलं तेव्हापासून माझा गोळीवर जरा जास्त विश्वास बसला. बुरशीनं माझं पीक इतक्या वेळा खाल्लं आहे, तिनं एकदा परतफेड केली म्हणायची. दिवाळीनंतरचा आकडा ५४.

जानेवारीत वर्ष झालं. क्लोपिडोग्रेल डॉक्टरांनी थांबवली, ॲस्पिरिन जन्मभर.

पौषात साळ्यानं पुन्हा रोडगे ठेवले, पोरगा एक वर्षाचा झाला म्हणून. तीच आमराई, तेच गंज. मला रोडगे भाजायला बसू देत नाहीत, धूर लागतो म्हणतात, म्हणून बायकांबरोबर वांगी चिरायला बसलो. भाटवा हसत होता. तिसऱ्याच वांग्याला विळी अंगठ्यात गेली. बायकोनं माझा हात ओढून घेतला, पदरानं अंगठा गच्च आवळला आणि मोबाइलमध्ये वेळ पाहिली. कोणीच बोलेना.

तेवढ्यात चुलीकडून साळभावजयीनं आवाज दिला, "अहो बाई, गोठलं का ते?" तिला कोपऱ्यातल्या तुपाच्या डब्याबद्दल विचारायचं होतं.

बायकोनं पदर सैल करून पाहिलं.

"गोठलं," ती म्हणाली. "सहा मिनिटं."